दोन टक्के कशाचे? म्हापशाचा फ्लॅट विकतानाचा अनुभव

म्हापशाचा फ्लॅट विकायचा, हे बाबा गेल्यानंतर बऱ्याच काळाने घरात एकदाचं ठरलं. आई तोवर माझ्याकडे फोंड्याला राहायला आली होती, दादा-वहिनी पुण्यात, आणि फ्लॅट कुलूपबंद. गोव्यात बंद घराचं काय होतं हे सांगायला नको. पावसाळा सरल्यावर दार उघडलं की भिंतींना बुरशी आणि कपाटांना वाळवी. भाड्याने द्यायला आई तयार नव्हती. तेव्हा विकणं आलंच.

विकायचा कसा, यावर मात्र एकमत नव्हतं. दादाचं म्हणणं, "दलालाला लाखभर रुपये कशाला मोजायचे? फोटो काढ, ऑनलाइन टाक, लोक आपणहून फोन करतील." ह्यांचं म्हणणं, एखाद्या बऱ्या एजंटच्या हाती किल्ली देऊन मोकळं व्हावं. आईची अट एकच, घेणारं माणूस तिथे राहणारं असावं; दर आठवड्याला नवे पाहुणे उतरवणारं नको, खालच्या मजल्यावरच्या जुन्या शेजारणींना त्याचा जाच होईल. धावपळ माझ्याच वाट्याला येणार हे उघड होतं. फोंड्याहून पणजी, पणजीहून म्हापसा, दोन बस बदलून जायला सवड असलेली मी एकटीच.

फ्लॅट बाबांनी १९९६ मध्ये घेतलेला. दोन बेडरूम, दुसरा मजला, लिफ्ट नाही, बाजार चालत दहा मिनिटांवर. डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, ९२ चौरस मीटर सुपर बिल्ट-अप (भिंती, जिना वगैरे धरून) लिहिलंय, प्रत्यक्षात टेप लावली की आतलं क्षेत्र ७० च्या आसपास भरतं. हा फरक पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलताना निघाला, म्हणून आधीच सांगितला.

दलाल गाठण्याआधी मी वकिलांकडे गेले, आणि हे फार बरं झालं. गोव्यात नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, सामाईक धरली जाते. म्हणजे फ्लॅट जरी बाबांच्या नावावर असला तरी निम्मा आईचा स्वतःचाच. उरलेल्या निम्म्यात दादा आणि मी. आणि आम्हा दोघांच्या वाट्यात आमच्या जोडीदारांचाही भाग. बाबा गेल्यावर उपनिबंधकांकडे, जे या कामासाठी विशेष नोटरी असतात, वारसाचं डीड करून घेतलं होतं. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली ते होतं. वकील म्हणाले, "सेल डीडवर पाच सह्या लागतील. तुमच्या आईची, तुमची, तुमच्या मिस्टरांची, भावाची आणि भावजयेची." दादाने फोनवर हुज्जत घातली की आमचं लग्न पुण्यात झालं, हिची सही कशाला? वकिलांनी शांतपणे सांगितलं, "विकत घेणाऱ्याची बँक कर्ज देताना हाच प्रश्न विचारील. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच सही धरा."

पुढे एजंट पारखताना मला याचा फार उपयोग झाला. जो पहिल्याच भेटीत विचारतो, "सह्या किती? सगळे गोव्यात आहेत का?", त्याला धंदा कळतो. जो फक्त "एक्स्पेक्टेशन किती?" एवढंच विचारतो, त्याला गिऱ्हाईक गाठून देण्यापलीकडे काही करायचं नसतं.

तर आधी दादाच्या मनासारखं केलं. सकाळचा उजेड बघून फोटो काढले, नाइंटीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर टाकले. किंमत ६० लाख. फोन त्याच दिवशी सुरू झाले, आणि मी हुरळले. मग ध्यानात आलं की बहुतेक सगळे एजंट. "मॅडम, प्रॉपर्टी अव्हेलेबल आहे? माझ्याकडे जेन्युइन क्लायंट आहे, उद्या कॅश घेऊन बसलाय." जाहिरातीत ठळक लिहिलं, 'एजंटांनी कृपया संपर्क करू नये'. त्यावर "मी एजंट नाही, पण माझ्या मित्राकडे एक पार्टी आहे" अशी सुरुवात करणारे फोन वाढले. दिल्लीहून एका गृहस्थांनी विचारलं, "बालकनी से सी व्ह्यू है क्या?" म्हटलं, समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. त्यांनी फोन ठेवला. आसगाव, शिवोलीच्या बंगल्यांच्या कोटींच्या किमती वाचून लोकांच्या डोक्यात गोवा म्हणजे तेवढंच बसलंय. म्हापशात माणसं नोकरीला जातात, मुलांना शाळेत सोडतात, शुक्रवारच्या बाजारातून भाजी आणतात, हे त्यांच्या गावी नसतं.

खरी, घ्यायची इच्छा असलेली माणसंही त्यात होती, नाही असं नाही. पण त्यांना दाखवायला दर वेळी फोंड्याहून जायचं. दोन वेगवेगळ्या लोकांना एकाच सकाळी बोलवावं तर एक येतच नाही, आणि दुसरा दारातून डोकावून "लिफ्ट नाही?" म्हणून परततो. हे मी जाहिरातीत लिहिलं होतं. लोक जाहिरात वाचत नाहीत, फोटो बघतात. मी म्हापशात राहत असते तर तो फ्लॅट मी स्वतःच विकला असता, याबद्दल मला शंका नाही. शहरातला साधा फ्लॅट, स्वच्छ कागद, ओळखीची वस्ती, याला दलाल लागतोच असं नाही. लागतो तो दार उघडायला आणि पाठपुरावा करायला, आणि त्याचे पैसे आपण टक्क्यांत मोजतो, एवढंच.

मग एजंट गाठायला निघाले. चार प्रकारची माणसं भेटली.

पहिलं पर्वरीतलं चकचकीत ऑफिस. काचेचं दार, एसी, कॉफी. तिथल्या तरुणाने सह्यांचा प्रश्न विचारला, त्यामुळे मी सरसावून बसले. फी दोन टक्के, वर १८ टक्के जीएसटी. फ्लॅट ७० लाखांना जाईल म्हणाला. पण पहिल्या सहा महिन्यांसाठी विक्री फक्त त्यांच्याकडे. करारपत्र त्याने पुढे सरकवलं, मी घरी आणून वाचलं. त्यात दोन ओळी अशा होत्या की त्यांच्यासाठी तरी तो कागद वाचायलाच हवा. एक, या सहा महिन्यांत आम्ही आमच्या ओळखीतल्या कुणाला विकला तरी फी त्यांना द्यायची. दोन, मुदत संपल्यावरही आणखी सहा महिने, त्यांच्यामार्फत ज्याने कधी चौकशी केली असेल त्याने घेतला तर फी लागू. पहिली अट एक वेळ समजू शकते, जाहिरातीवर खर्च त्यांचा असतो. मी म्हटलं, आमच्या ओळखीतल्या चार जणांची नावं आत्ता लिहून देते, तेवढी वगळा. दुसऱ्या अटीतही, चौकशी करणाऱ्यांची यादी मुदत संपताना आम्हाला लेखी द्या. त्याला साहेबांना विचारावं लागेल म्हणाला. साहेबांचं उत्तर आलंच नाही. आणि ७० लाख? आमच्याच बिल्डिंगमधला, त्याच मापाचा तळमजल्याचा फ्लॅट काही महिन्यांपूर्वी कितीला गेला हे शेजारणीकडून मला नेमकं ठाऊक होतं. जो सर्वांत मोठा आकडा सांगतो, त्याला बहुधा आपली सही हवी असते. सही झाली की महिनाभराने "मार्केट डाऊन आहे मॅडम" म्हणत तो आकडा खाली आणतो.

दुसरा भेटला तो 'नेट'वाला. "तुम्हाला हातात किती हवे ते सांगा. त्याच्या वर जे मिळेल ते माझं. तुमच्याकडून कमिशन शून्य." दादाला ही कल्पना फार आवडली. मला अजिबात नाही. गोव्यात, विशेषतः जमिनीच्या व्यवहारात, हे सर्रास चालतं. पण विचार करा, आम्ही ५५ सांगायचे आणि तो ६५ ला विकणार. डीडवर ६५ लिहिले तर कर ६५ वर आम्ही भरायचा आणि दहा त्याच्या खिशात. ५५ लिहिले तर वरचे दहा रोख फिरणार आणि त्या काळ्या व्यवहाराच्या डीडवर सही आईची. फी शून्य म्हणतात ती ही.

तिसरा तर एजंटच नव्हता, पण तसं म्हणवत होता. दोन लाख टोकन (बयाणा), सहा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, आणि त्यात एक छोटी ओळ, 'खरेदीदार किंवा त्याने नेमलेली व्यक्ती' यांच्या नावे डीड करून द्यावं लागेल. म्हणजे दोन लाखांत फ्लॅट सहा महिने अडकवायचा आणि मधल्या काळात चढ्या भावाने तिसऱ्याला विकायचा. गिऱ्हाईक मिळालं नाही तर टोकन परत मागायलाही हा कमी करणार नाही.

चौथे काका. म्हापशाच्या बाजाराजवळ, वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, भिंतीला गणपतीचं कॅलेंडर, टेबलावर किल्ल्यांचा ढीग आणि प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. मुख्य धंदा भाड्याचा. त्यांनी पहिलं विचारलं, "ओक्युपन्सी आहे का हातात?" म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा नगरपालिकेचा दाखला. होती, पण झेरॉक्स. "मूळ फाइल सोसायटीत असेल, नाहीतर नगरपालिकेतून प्रमाणित प्रत काढू." दुसरा प्रश्न सह्यांचा. तिसरा, घरपट्टी भरलेली आहे का. किमतीवर आले ते सर्वांत शेवटी, आणि आकडा सांगितला ५५ ते ५८. शेजारणीच्या आकड्याशी तो जुळत होता.

फी मागितली दोन टक्के. ते जीएसटीत नोंदलेले नाहीत, उलाढाल २० लाखांच्या खाली, म्हणून वर कर नाही. मी दीड म्हटलं. "बाय, घेणाऱ्याकडून मला एकच मिळतो, तोही किती वेळा बुडतो," असं बरंच झालं, आणि दीडवर तुटलं.

आमची बिल्डिंग रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर आणि दलालांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याच्या, कितीतरी आधीची, त्यामुळे तिच्या विक्रीला एजंट रेरात नोंदलेलाच हवा असं बंधन नव्हतं. नव्या, रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर मात्र नोंदणी नसलेल्या एजंटला त्यात हात घालता येत नाही. तशी वेळ असेल तर गोवा रेराच्या संकेतस्थळावर त्याचं नाव बघायला पाच मिनिटं लागतात.

काकांशी मी एक पानाचं पत्र केलं. त्यांना ते जरा विचित्र वाटलं, "इतकी वर्षं तोंडीच चाललंय," म्हणाले, पण सही केली. त्यात लिहिलं होतं की फी डीडवर लिहिलेल्या किमतीच्या दीड टक्का, त्याशिवाय काही नाही. ज्या गिऱ्हाइकाला ते फ्लॅट दाखवायला आणतील त्याचं नाव आधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर यायला हवं. फी फक्त त्या नावांवर. आम्ही स्वतः विकला तर फी नाही. टोकन थेट आईच्या खात्यात, त्यांच्या हातात नाही. निम्मी फी अ‍ॅग्रीमेंटला, निम्मी सेल डीडच्या दिवशी, आणि घेणाऱ्याचं कर्ज नामंजूर होऊन सौदा फिसकटला तर पहिली निम्मी पुढच्या गिऱ्हाइकात वळती. मुदत तीन महिने. सगळी फी अ‍ॅग्रीमेंटलाच देऊन बसलेली माणसं मला माहीत आहेत. त्यानंतर एजंट फोन उचलत नाही, आणि खरं काम तर तिथूनच सुरू होतं.

एक गोष्ट पत्रात मुद्दाम लिहिली नाही आणि काकांना तोंडीही सांगितली नाही. ती म्हणजे आम्ही शेवटी कितीवर तयार होऊ. दादा म्हणाला, "त्यांना सांग ना, ५४ च्या खाली नको म्हणून, म्हणजे ते त्यावर ताणून धरतील." मी नाही सांगितलं, आणि त्याचं कारण लवकरच जिन्यात ऐकायला मिळालं.

काका एक जोडपं घेऊन आले होते. मी आधीच जाऊन खिडक्या उघडल्या होत्या. दाखवून झाल्यावर ते तिघे खाली उतरायला लागले, मी दाराला कुलूप लावत होते, आणि मधल्या वळणावरून काकांचा आवाज वर आला, "तांकां रोखडेंच विकपाक जाय. मात्शें रावात, उणें करतलीं." आम्हाला घाई आहे, थोडं थांबलात तर उतरतील! मी खाली गेले, जोडपं स्कूटरवर बसून गेल्यावर विचारलं, काका, हे काय? ते जराही कचरले नाहीत. "बाय, तसं सांगितलं नाही तर ती परत येणार नाहीत. आणि तुम्हाला उतरवायचं नसेल तर तुम्ही उतरू नका." चीड आली खरी, पण त्यांचं म्हणणं खोडता येईना. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस ना माझा असतो ना घेणाऱ्याचा, तो सौद्याचा असतो. सौदा ५३ ला होवो की ५७ ला, दोन्हीकडचे मिळून त्याच्या पदरात फरक पडतो दहा हजारांचा. माझ्या घरात चार लाखांचा. हे एकदा उमजलं की त्याच्यावर रागवायचं कारण उरत नाही. फक्त आपले पत्ते त्याला दाखवायचे नाहीत.

त्याच सुमारास दुसऱ्या एका एजंटने एक व्यापारी आणला. ५८ द्यायला तयार. डीड मात्र ४० चं, वरचे १८ रोख. "सगळे असंच करतात मॅडम, त्यांची स्टँप ड्युटी वाचते, तुमचा टॅक्स वाचतो." गोव्यात स्टँप ड्युटीबरोबर नोंदणी शुल्कही टक्क्यांतच असतं, त्यामुळे घेणाऱ्याला हा मोह होतो हे कळतं. पण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याने बंद आहे आणि घेतल्यास तेवढाच दंड आहे, पैसे घेणाऱ्यावर म्हणजे विकणाऱ्या आपल्यावर. गंमत अशी की या एजंटला स्वतःचं कमिशन हवं होतं ५८ वर, तेही रोख. डीड ४० चं आणि कमिशन ५८ चं! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अठरा लाख रोख घेऊन मी काय करू? फोंड्याच्या बँकेत भरायला गेले तर तिथला मुलगा मला ओळखतो." विषय मिटला.

फ्लॅट शेवटी गेला तो ५६ लाखांना, शिक्षकी पेशातल्या एका दांपत्याला. मूळचे पेडण्याचे, दोघांची नोकरी म्हापशात, भाड्याच्या घरात राहत होते. जिन्यातलं जोडपं ते हेच. काकांनी 'थांबा' म्हटल्यावर ते थांबले, ५२ म्हणाले, मी ५९ वर राहिले. मग त्यांनी थेट मला फोन केला, काका मध्ये नसताना. मी बोलले, पण आकडा ठरवायला काकांच्याच खोलीत बसलो, कारण नाव त्यांनी पाठवलेलं होतं आणि शब्द तो शब्द. त्या तासाभरात काका काय करत होते तर चहा मागवत होते आणि मधूनमधून एखाद्याला बाहेर गॅलरीत नेत होते. पण समोरासमोर मी ५६ वर आले नसते आणि तेही चढले नसते, हे मान्य करायला हवं.

आता खरी फी वसूल झाली ती यापुढे. त्यांना बँकेचं कर्ज घ्यायचं होतं. बँकेच्या वकिलाची यादी आली. बाबांच्या नावचं डीड, त्याआधीच्या मालकांची साखळी, वारसाचं डीड, ओक्युपन्सी, मंजूर आराखडा, घरपट्टीची पावती, सोसायटीचा ना-हरकत दाखला, उपनिबंधकांकडून बोजा नसल्याचा दाखला, सिटी सर्व्हेचा फॉर्म डी. त्या फॉर्म डीवर जमीन अजून मूळ भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावरच होती. गोव्यातल्या जुन्या इमारतींत हे नेहमीचं आहे, पण शिक्षक मंडळी हबकली. आमच्या वकिलांनी दाखवलं की फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त वाटा बाबांच्या डीडमध्ये स्पष्ट लिहिलाय. त्यांच्या वकिलाने मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली, कुणाचा हक्क असेल तर कळवा म्हणून. कुणी आलं नाही. ओक्युपन्सीची प्रमाणित प्रत काकांनी नगरपालिकेतून आणली. कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा आणि कुणाला आठवण करायची, हे त्यांना पाठ. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस ठरलेल्या वेळेला कधीच आला नाही, आणि दर वेळी दार काकांनी उघडलं. त्या एका किल्लीपायी माझ्या किती फेऱ्या वाचल्या! मला विचाराल तर दीड टक्क्यातला अर्धा त्या किल्लीचा होता.

अ‍ॅग्रीमेंट झालं आणि पाठोपाठ पर्वरीच्या ऑफिसातून फोन. "मॅडम, ती पार्टी आमची आहे. त्यांनी आमच्याकडे आधी इन्क्वायरी केली होती, आम्ही लोकेशन पाठवलं होतं. आमचे दोन टक्के." झालं असं होतं की त्यांनी माझ्याच जाहिरातीतले फोटो उचलून, किंमत वाढवून, आपल्या पेजवर टाकले होते. शिक्षकांनी तिथे एकदा 'प्राइस?' म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, माझ्या सहीचा एखादा कागद तुमच्याकडे असेल तर पाठवा. आणखी दोन फोन आले, दुसरा जरा चढ्या आवाजात, त्यात "लीगल नोटीस" हा शब्दही होता. मी वकिलांचा नंबर दिला. पुढे काही आलं नाही. काकांच्या पत्रात नावं आधी पाठवायची अट नसती तर मात्र दोन दावेदारांमध्ये मी उभी राहिले असते, कारण काका तर हक्काचेच होते.

सेल डीड बार्देशच्या उपनिबंधक कार्यालयात, म्हापशातच. वेळ ऑनलाइन घेतलेली. दादा-वहिनी पुण्याहून आले, आईला जिना चढवून नेलं, फोटो, अंगठा, पाच सह्या. घेणारे दोघे. एकूण किंमत ५० लाखांच्या वर, म्हणून त्यांनी एक टक्का, म्हणजे ५६,००० रुपये, टीडीएस (आमच्या नावे आगाऊ भरायचा कर) कापला. पूर्वी विकणारे अनेक असले की प्रत्येकाचा वाटा ५० लाखांहून कमी असं म्हणून काही जण कापत नसत. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमतच धरायची हे कायद्यात स्पष्ट आलं. आईच्या वाट्याला २८ लाख, आम्हा चौघांना प्रत्येकी सात. दोन घेणारे आणि पाच देणारे, प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म, असे दहा फॉर्म शिक्षकबाईंनी स्वतः बसून भरले. त्यांच्या वर्गातल्या मुलांची मला कीव आली आणि हेवाही वाटला.

काकांना उरलेले ४२,००० चेकने दिले, पहिलेही चेकनेच. एकूण ८४,०००. पॅन नंबर आणि सहीसकट पावती घेतली. ती पावती महत्त्वाची, कारण दलाली हा विक्रीचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा होतो. पावतीशिवाय रोखीने देऊन पाच-दहा हजार कमी करून घेतले की पैसे दिल्याचा पुरावा राहत नाही आणि ही वजावट हातची जाऊ शकते. पर्वरीवाल्यांचे दोन टक्के आणि जीएसटी धरले असते तर ५६ लाखांवर १,३२,१६० झाले असते. त्यांचं काम तेवढं चोख असतं तर मी तेही दिले असते, हेही सांगते.

कराचा हिशेब सीएने केला. बाबांनी १९९६ ला घेतलेला, म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूल्यांकनकाराकडून काढून घेतली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत, महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा. आमच्याकडे साडेबाराच स्वस्त पडले. गोव्यातल्या जोडप्यांचं असं उत्पन्न आयकरात नवरा-बायकोंत निम्मंनिम्मं धरायची वेगळी तरतूद आहे, तीही त्यांनी लावली. हे सारं २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, तेव्हा आपल्या सीएला विचारूनच पुढे जावं.

दलाली कुणी किती सोसायची यावर आमच्याकडे थोडी कुरबुर झाली. दादाचं म्हणणं, काकांना तूच आणलंस. आईने तोडगा काढला, ज्याचा जेवढा वाटा त्याने तेवढी दलाली. तिचे ४२,०००, आम्हा दोन्ही घरांचे प्रत्येकी २१,०००. दादाने कर भरून टाकला. आईने नफ्याची रक्कम सहा महिन्यांच्या आत करबचतीच्या बाँडमध्ये घातली. पाच वर्षं अडकणार हे ऐकून ती क्षणभर थांबली, मग विचारलं, "व्याज दर वर्षी हातात येतं ना?" येतं म्हटल्यावर फॉर्मवर सही केली आणि व्याजासाठी खातं फोंड्याच्याच बँकेचं लिहायला सांगितलं.